उंची वाढवायची पावडर, ३ महिन्यांचा कोर्स, २,९९७ रुपये: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण ह्या पावडरी सगळ्या बहिणी-बहिणी आहेत, डब्यावर जिराफ नाहीतर बास्केटबॉलवाला पोरगा, आत चॉकलेटी पावडर आणि सोबत व्यायामाचं एक पुस्तक. पाचपैकी एक स्टार देतेय, तो पण डब्याला. डबा चांगला आहे, झाकण घट्ट बसतं, आता त्यात शेंगदाण्याचं कूट ठेवलंय.

तर झालं असं की आमचा मुलगा दहावीत, वय १५ पूर्ण, आणि वर्गाच्या रांगेत पुढून दुसरा. बाकीच्या पोरांना मिशा फुटल्या आणि हा अजून पाचवीतला दिसतो. त्यात ह्याला जायचंय पोलिसात, आणि भरतीला मुलांना १६५ सेंटीमीटर लागते हे त्याला पाठ. रोज दाराला टेकून उभा राहायचा आणि तोंड पाडून जायचा. मी म्हटलं अरे गावसकर साडेपाच फुटाच्या आतलेच, सचिन पण तेवढाच, तर म्हणतो आई, त्यांना कोणी ग्राउंडवर टेप लावून घरी पाठवलं नाही. ह्यावर काय बोलणार.

मग एका रात्री मोबाईलवर जाहिरात आली आणि मी मागवली. ९९९ चा एक डबा, तीन महिन्यांचे तीन. हे म्हणत होते नको, मी पण अकरावी-बारावीतच वाढलो, पण आईचा जीव, कोण ऐकतंय.

पैसे भरल्यावर दुसऱ्या दिवशी एका 'हाईट एक्स्पर्ट'चा फोन. त्याने वय विचारलं, वजन विचारलं, माझी आणि ह्यांची उंची मात्र विचारली नाही, हे मला तेव्हा खटकलंच नाही. मॅडम तीन महिन्यात फरक दिसणारच, मॅडम सहा महिन्यांचा घ्या डिस्काउंट देतो, असं बराच वेळ चाललं. जे तो फोनवर छातीठोक सांगत होता ते डब्यावर कुठंच छापलेलं नाही बरं का. डब्यावर फक्त 'वाढीच्या वयात साथ', आणि मागे मुंगीच्या अक्षरात की हे औषध नाही. नंतर कळलं की १९५४ चा एक कायदा आहे, मॅजिक रेमेडीजवाला, त्यात कुठल्या कुठल्या गोष्टींवर औषधाची जाहिरात करायची नाही त्याची यादी आहे आणि त्यात माणसाची उंची पण आहे. मला वाटतं म्हणूनच छापताना एवढं जपून आणि फोनवर एवढं मोकळं.

पावडरमध्ये काय, तर दूध पावडर, साखर, कोको, थोडे व्हिटॅमिन आणि अश्वगंधा. चवीला बरी आहे, पोरगा तक्रार न करता प्यायचा. पण २,९९७ रुपयात चारशेच्या वर अंडी येतात ओ. हिशोब नंतर सुचतो माणसाला.

आता खरी गंमत. पुस्तकात लिहिलेलं की कोर्स सुरू करायच्या आधी 'रात्री झोपताना' उंची मोजा आणि कोर्स संपल्यावर 'सकाळी उठल्या उठल्या' मोजा. मला वाटलं असेल काहीतरी शास्त्र. माझा भाऊ सुतारकामातला, तो म्हणाला ताई, मोजायचं तर नीट मोज, आणि गुण्या (काटकोन बघायचं सुताराचं हत्यार) घेऊन आला. अनवाणी, टाचा आणि पाठ चौकटीला, नजर समोर, डोक्यावर गुण्या सपाट धरायचा आणि पेन्सिलची रेघ. रात्री एकदा मोजलं, सकाळी उठल्यावर पुन्हा मोजलं, तर एका रात्रीत १.१ सेंटीमीटर जास्त! पावडरचा डबा अजून फोडायचा होता. म्हणजे दिवसभर उभं राहून, बसून पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या दबतात, झोपल्यावर परत फुगतात, हे सगळ्यांचंच होतं, तुमचं माझं पण. आणि ही कंपनी तो सेंटीमीटर स्वतःच्या खात्यात घालणार होती. बारला लटकायचे व्यायाम दिलेत तेही तसलेच, लटकून उतरलं की लगेच थोडं जास्त भरतं, संध्याकाळपर्यंत गेलं. व्यायाम म्हणून लटका, चांगलंच आहे, पण उंचीसाठी हाताला फोड आणू नका.

आम्ही प्रत्येक वेळी सकाळी आठला, शाळेत जायच्या आधीच मोजलं. १ जुलैला १५५.२, आणि १ ऑक्टोबरला १५७.०. तीन महिन्यात १.८ सेंटीमीटर. मी तर पेढे आणायच्या तयारीत होते. पोरगा इन्स्टाला टाकायला निघाला.

पण आमच्याकडे गुढीपाडव्याला त्याच चौकटीवर रेघ मारायची पद्धत आहे, बालवाडीपासूनच्या रेघा आहेत, घर रंगवताना पण तेवढी पट्टी सोडतो. ह्यावर्षीची पाडव्याची रेघ मोजली तर १५३.३. म्हणजे पाडव्यापासून जूनअखेरपर्यंत, पावडर नव्हती, बार नव्हता, 'एक्स्पर्ट' नव्हता, तेव्हा पोरगा १.९ वाढला होता. पावडर पिऊन १.८. हे बघून आमचे हे काही बोलले नाहीत, फक्त चहा मागितला.

ह्या धंद्याची सगळी मेख इथंच आहे असं माझं मत झालंय. वाढत्या वयातल्या पोराला तीन महिने काहीही पाजा, ताक पाजा, तो वाढणारच आहे. चार-पाच वर्षापासून पुढं मुलं वर्षाला साधारण ५-६ सेंटीमीटर वाढतातच, वयात येताना मुलांचा वेग ९-१० पर्यंत जातो. आणि जे वाढायचे थांबलेत त्यांना काहीच मिळत नाही, पण ते बिचारे रिव्ह्यू लिहीत नाहीत, लाजेने. आमच्या शेजारच्या मुलीचंच बघा, वय १७, पाळी येऊन चार वर्षं झालेली, तिच्या आईने माझं बघून दोन डबे मागवले, शून्य मिलिमीटर. पाळी सुरू झाल्यावर मुलींची साधारण ५ ते ७ सेंटीमीटरच वाढ उरलेली असते आणि ती पुढच्या दोन-एक वर्षात होऊन जाते. फोनवाल्याने तिचं वय विचारलं होतं की, तरी विकली. ह्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, माझ्या २,९९७ पेक्षा जास्त.

दिवाळीच्या सुट्टीत शेवटी मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, तुमची उंची किती, बाबांची किती. माझी १५५, ह्यांची १६८. त्यांनी बेरीज केली, मुलगा आहे म्हणून १३ मिळवले, दोनने भागलं, १६८ आले. मुलगी असती तर १३ वजा केले असते. म्हणाल्या ह्याच्या आठ-साडेआठ सेंटीमीटर वर किंवा खाली, ह्या टप्प्यात बहुतेक पोरं बसतात. एवढं साधं गणित, मी सहावीतल्या पोराकडून करून घेतलं असतं. मग शाळेच्या जुन्या आरोग्य कार्डावरच्या उंच्या त्यांनी आलेखावर मांडल्या, आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत, भारतातल्याच मुलांवरून केलेले. ठिपके जोडले तर रेघ खालून का होईना पण सरळ वर चाललेली. मला बाहेर बसवून पोराची तपासणी केली, वयात किती आलाय बघायला, तो बाहेर आला तो लाल होऊन.

मग डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्सरे. हाडांच्या टोकांना वाढीच्या पट्ट्या असतात, ग्रोथ प्लेट, त्या उघड्या असेपर्यंतच उंची, त्या जुळून आल्या की जगातली कुठलीच पावडर उपयोगाची नाही. एक्सरेवरून हाडांचं वय कळतं. आमच्या १५ वर्षाच्या चिरंजीवांच्या हाडांचं वय निघालं साडेतेरा! म्हणजे पोरगा बुटका नाही, लेट आहे, बापासारखा. हे शेजारी बसून एवढे फुगले की काही विचारू नका.

थायरॉईड नॉर्मल. व्हिटॅमिन डी कमी निघालं, त्याचा डोस त्यांनी लिहून दिला. मी इंजेक्शनचं विचारलं, मेस्सीला दिली होती ती, तर म्हणाल्या त्याच्यात ग्रोथ हार्मोनच कमी होतं, तुमच्या मुलात तसं काही दिसत नाही, आणि ती रोज टोचायची असतात, हौसेने घ्यायची वस्तू नाही. बाकी झोप, कारण हे हार्मोन गाढ झोपेत जास्त सुटतं. आता रात्री दहाला मोबाईल माझ्या उशीखाली, त्यावरून घरात रोज महाभारत. आणि डाळ, अंडी, दूध, खेळ. दर सहा महिन्यांनी मोजायला या म्हणाल्या. १६८ होईलच असं त्यांनी लिहून दिलं नाही हेही सांगते, कोणी देणारच नाही.

फी आणि एक्सरे मिळून पावडरच्या एका डब्यापेक्षा थोडे जास्त गेले, रक्ताचे वेगळे. एवढ्या पैशात मला कळलं की घाबरायचं कारण नाही, आणि काही असतं तर वेळेत कळलं असतं. आलेखावरची उंचीची रेघ खाली घसरत असेल किंवा १४ झाली तरी मुलगा वयात यायची काहीच चिन्हं नसतील (मुलींना १३) तर पावडरीत सहा महिने घालवू नका, आधी दाखवा.

गेल्या आठवड्यात कंपनीचा मेसेज आला, मॅडम रिझल्टचा फोटो टाका, फाईव्ह स्टार द्या, पुढच्या डब्यावर २० टक्के सूट. मी चौकटीचा फोटो पाठवला, पाडव्याची रेघ, जुलैची रेघ आणि ऑक्टोबरची रेघ, शेजारी आकडे लिहून. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही अजून.