बूट होतानाच लिनक्सचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) अडला, तर डीबगर (चूक शोधायचं हत्यार) कुठला? क्यूएमू की सिरियल केबल?

सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत लिनक्सवर चालणारे कंट्रोल बोर्ड करणारी पोरं हल्ली हा प्रश्न फार विचारतात. माझं उत्तर एकच असतं: आधी कर्नल नेमका कुठे मरतो ते बघा, डीबगर मग ठरवा. त्यासाठी कर्नलच्या कमांड लाइनवर अर्लीकॉन, म्हणजे अगदी सुरुवातीपासून संदेश छापणारा पर्याय, घाला (जुन्या पीसीवर अर्लीप्रिंटके) आणि सिरियलवर शेवटची ओळ कुठली येते ते वाचा. निम्मी भांडणं इथंच मिटतात.

नाही मिटलं, तर पहिला पर्याय क्यूएमू, म्हणजे अख्ख्या मशीनची सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करणारा प्रोग्राम. विश्रामबागेतल्या खोलीत एक लॅपटॉप असला तरी पुरतो. क्यूएमूला छोटा एस (-s) दिला की जीडीबी या डीबगरसाठी १२३४ पोर्ट उघडतो. मोठा एस (-S) दिला की सीपीयू पहिल्या सूचनेआधीच थांबून राहतो. सिरियल केबलने इतक्या लवकर पकडता येत नाही. तीन गोष्टी मात्र सांभाळा. डीबग माहितीसह बिल्ड केलेली व्हीएमलिनक्स फाइल (न दाबलेला कर्नल) जीडीबीला द्या. कमांड लाइनवर नोकेएएसएलआर घाला, नाहीतर पत्ते सरकतात आणि ब्रेकपॉइंट (थांबायच्या खुणा) भलतीकडे बसतात. आणि स्टार्ट_कर्नलवर साधा ब्रेक न लावता एचब्रेक (हार्डवेअरमधला ब्रेकपॉइंट) लावा, कारण दाबलेला कर्नल उलगडताना ती मेमरी पुन्हा लिहिली जाते आणि साधा ब्रेकपॉइंट पुसला जातो. शेड्युलर, मेमरी किंवा स्वतःचा इनिटकॉल (बूटवेळी कर्नल चालवतो ते फंक्शन) तपासायचा असेल तर मी डोळे झाकून हाच पर्याय घेतो.

पण क्यूएमूत तुमची चिप नसते. गेल्या वर्षी एका बोर्डावर ड्रायव्हरच्या प्रोबमध्ये (ड्रायव्हर आपलं हार्डवेअर चालू करतो तिथं) सगळं गोठायचं. क्यूएमूत तोच कर्नल सुरळीत चालायचा, आणि त्यात तीन दिवस गेले. शेवटी सिरियल केबल लावली, म्हणजे कर्नलमधल्याच केजीडीबी या डीबगरशी लॅपटॉपवरचा जीडीबी तारेने जोडला. डीबी-९ (नऊ पिनांचा सिरियल जोड) असेल तर पिन २ आणि ३ उलटसुलट, ५ ला ५, बोर्डावर ३.३ व्होल्टची पिनं असतील तर टीटीएल ॲडॉप्टरच, कारण आरएस-२३२ चा व्होल्टेज थेट दिला तर पिनं जळू शकतात. ब्रेक लावला, 'नेक्स्ट', 'नेक्स्ट'... एका रजिस्टर-वाचनाच्या ओळीवर जीडीबी गप्प झाला, तो परत बोललाच नाही. चिपमधल्या त्या भागाचा क्लॉकच चालू नव्हता. डीबगर मेला, पण दोषी ओळ दाखवून मेला.

केजीडीबी २००८ च्या २.६.२६ पासून कर्नलमध्ये आहे. केजीडीबीओसी=टीटीवायएस०,११५२०० आणि त्यापुढे केजीडीबीवेट लिहिलं की कर्नल जीडीबीची वाट बघत थांबतो. मात्र सिरियल ड्रायव्हर जागा झाल्यावरच. त्याआधी काही अडलं तर हात रिकामेच. ही उणीव २०२० च्या ५.८ मध्ये आलेल्या केजीडीबीओसी_अर्लीकॉनने बरीच भरून काढली. अट एवढीच, की त्या अर्लीकॉन ड्रायव्हरला नुसतं लिहिताच नव्हे, वाचताही आलं पाहिजे. ८२५० जातीच्या सिरियलला ते येतं. केजीडीबीचं सगळं बिल्डमध्येच घ्या, मॉड्यूल म्हणून नको; मॉड्यूल लोड होईपर्यंत बूटचा तो टप्पा मागे पडलेला असतो. कन्सोल आणि जीडीबी एकाच तारेवर असतील तर एजंट-प्रॉक्सी हा छोटा प्रोग्राम वापरून वेगळे करा.

यूएसबी-सिरियल तुमच्या लॅपटॉपच्या टोकाला चालेल. तपासायच्या मशीनच्या टोकाला नको, तिथं यूएसबी फार उशिरा उठतं.

दुसरं मशीनच नसेल तर केडीबी आहे, म्हणजे जीडीबीविना त्याच मशीनवर चालणारा कर्नलमधला डीबगर. सोर्सच्या ओळी दिसत नाहीत, पण स्टॅक आणि मेमरी बघता येते. पीएस/२ कीबोर्डचा जुना पीसी असेल तर ईकेजीडीबीओसी=केबीडी आणि अर्लीप्रिंटके=व्हीजीए यांनी केबलविना सुरुवातीलाच आत शिरता येतं.

तर निवड अशी करा: तोच बिघाड क्यूएमूत पुन्हा घडवून बघा, त्यासाठी एक संध्याकाळ द्या. घडला तर तिथंच शोधा. नाही घडला तर दुसऱ्या दिवशी सकाळी केबल लावा, माझ्यासारखे तीन दिवस थांबू नका.