वचनपेटी: छपाई सुरेख, पण बोलणारा कोण हे कार्डावर नाही

नाताळच्या सुमारास चर्चच्या आवारात जी विक्रीची टेबले लागतात, त्यांवर मराठी वचनपेटी हमखास असते. यंदा अशी एक पेटी घरासाठी आणि संडे स्कूलच्या वर्गासाठी घेतली. तळहातावर मावेल असा पत्र्याचा डबा, त्यात जाड, गुळगुळीत कागदाची तीन रंगांची कार्डे, प्रत्येक कार्डावर पवित्र शास्त्रातले एक वचन आणि किंमत २५० रुपये. निळी कार्डे सांत्वनाची, पिवळी आशीर्वादाची आणि हिरवी मार्गदर्शनाची, अशी विभागणी झाकणाच्या आतल्या बाजूला दिली आहे. निर्मात्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जी उणीव सांगायची आहे ती या एकाच पेटीत आहे असे नाही. भिंतीवरच्या वचनांच्या दिनदर्शिका आणि सकाळी मोबाइलवर येणारी वचनांची चित्रे यांतही ती तशीच आढळते.

आधी चांगले ते सांगतो. छपाई उत्तम आहे. जोडाक्षरे कुठे तुटलेली नाहीत, टाइप ठळक आहे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना चष्मा नसतानाही वचन वाचता येते. कार्डांचे कोपरे गोल कापलेले असल्यामुळे ती रोज हाताळूनही दुमडत नाहीत. मुलांना पेटी आवडते, कार्ड काढण्यासाठी त्यांची चढाओढ लागते आणि रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेला ती आपण होऊन येऊन बसतात. हे लहान काम नव्हे, आणि ते या पेटीने केले आहे. मात्र वचनाखालचा संदर्भ, म्हणजे पुस्तकाचे नाव, अध्याय आणि ओवी, फिकट सोनेरी शाईत इतक्या बारीक अक्षरांत छापला आहे की तो दिव्याखाली धरूनही वाचवत नाही. पाठीमागची बाजू फुलांच्या नक्षीने भरलेली आहे. कोणते भाषांतर वापरले याचा उल्लेख कुठेही नाही.

संदर्भ वाचता न येणे ही केवळ छपाईची त्रुटी असती, तर तिच्यावर एवढे लिहिले नसते. पण पिवळ्या गठ्ठ्यातले एक कार्ड पाहा. ‘तुझी सुरुवात लहान असली तरी तुझा शेवट फार मोठा होईल’ अशा आशयाचे ते वचन आहे. दुकानाच्या उद्घाटनाला, गृहप्रवेशाला, नव्या मंडळीच्या स्थापनेला हे वचन आपल्याकडे आवर्जून वाचले जाते आणि फ्रेम करून भिंतीवर लावले जाते. ते पवित्र शास्त्रातल्या ईयोबाच्या पुस्तकातले आहे, म्हणजे संकटांत सापडलेल्या एका नीतिमान माणसाच्या कथेतले, आठव्या अध्यायातले सातवे. बोलणारा देव नाही, संदेष्टा नाही. ईयोबाचा मित्र बिल्दद बोलतो आहे.

तो कोणत्या प्रसंगी बोलतो आहे, हे पाहिल्यावर कार्ड हातात धरवत नाही. ईयोबाचे सात मुलगे आणि तीन मुली थोरल्या भावाच्या घरी जेवायला बसलेल्या असताना वादळाने ते घर कोसळले आणि सगळी मुले एकाच वेळी गेली. त्या बापाला, अंगभर फोड उठलेले असताना राखेत बसलेल्या माणसाला, बिल्दद आठव्या अध्यायाच्या चौथ्या वचनात सांगतो की तुझ्या मुलांनी पाप केले असेल, म्हणून देवाने त्यांना त्यांच्या अपराधाच्या स्वाधीन केले. पुढे तो म्हणतो की तू शुद्ध आणि सरळ असशील, तर देव आताही तुझ्यासाठी उठेल. आणि त्यालाच जोडून येते ते आपले आवडते वचन. म्हणजे जे आपण आशीर्वाद म्हणून वाटतो, ते मूळ जागी एका शोकाकुल बापावर ठेवलेल्या आरोपाचे शेपूट आहे. पुस्तकाच्या शेवटी, बेचाळिसाव्या अध्यायाच्या सातव्या वचनात, देव ईयोबाच्या दुसऱ्या मित्राला, अलीफजला, स्पष्ट सांगतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर माझा कोप भडकला आहे, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. त्या दोघांपैकी एक बिल्दद. ज्याच्या बोलण्यावर देवाने असा शेरा दिला, त्याचे बोलणे पेटीने देवाचे अभिवचन म्हणून छापले आहे.

यावर एक उत्तर मिळते आणि ते विचारात घेतले पाहिजे. ईयोबाची शेवटची स्थिती पहिल्यापेक्षा चांगली झालीच ना, असे म्हणतात. खरे आहे, बेचाळिसाव्या अध्यायाच्या बाराव्या वचनात तसे लिहिलेच आहे. पण ती भरभराट बिल्ददने घातलेली अट पूर्ण झाली म्हणून आलेली नाही. संपूर्ण पुस्तक त्या अटीच्या विरुद्ध उभे आहे. नीतिमान माणसावरही संकट येते आणि संकट पाहून त्याच्या पापाचा हिशेब मांडणे चूक आहे, हेच तर ते पुस्तक बेचाळीस अध्यायांत सांगते. ईयोबाच्या अखेरच्या दिवसांविषयी कार्ड काढायचे असेल तर बेचाळिसाव्या अध्यायातले वचन घ्यावे आणि पाठीवर दोन ओळींत त्याची हकिकत द्यावी. बिल्ददचे वाक्य घेऊ नये, निदान त्याच्या नावाशिवाय तरी घेऊ नये.

हिरव्या गठ्ठ्यातले सर्वांत लोकप्रिय कार्ड यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९:११ चे आहे: “तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो; ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत; ते तुम्हांला तुमच्या भावी सुस्थितीची आशा देणारे आहेत.” दहावी-बारावीचे निकाल, नोकरीची मुलाखत, परदेशाचा व्हिसा, अशा प्रत्येक प्रसंगी हे कार्ड पुढे येते. येथे बोलणारा देवच आहे, त्यामुळे बिल्ददसारखी अडचण नाही. अडचण वेगळी आहे. हे वाक्य एका पत्रातले आहे, आणि ते पत्र कोणाला व कशासाठी लिहिले ते कार्डावर नाही.

इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेचा राजा यखन्या, राजमाता, सरदार, सुतार आणि लोहार यांना धरून नेले. त्यानंतर हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात सर्वांसमक्ष जाहीर केले की दोन वर्षांत सगळे परत येतील, आणि यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू काढून मोडून टाकले. लोकांना जे ऐकायचे होते तेच तो बोलला होता. यिर्मयाने मात्र धरून नेलेल्या लोकांना पत्रात लिहिले की घरे बांधा, त्यांत राहा, बागा लावा, लेकीसुनांचे संसार मांडा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे हित चिंता आणि त्यासाठी प्रार्थना करा, कारण बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावर मी तुमच्याकडे लक्ष देईन. हे दहावे वचन. त्याच्या लगेच पुढे अकरावे, आपल्या कार्डावरचे.

सत्तर वर्षे म्हटल्यावर पत्र ऐकणाऱ्या प्रौढ माणसांना काय कळले असेल, याचा विचार करावा. परत जाणारी पिढी आपली नसेल, आपल्या नातवंडांची असेल, हे त्यांना स्पष्ट सांगितले होते. अशा माणसांना देव म्हणतो की माझे संकल्प हिताचे आहेत. हा दिलासा फार मोठा आहे, कारण तो लवकर सुटका होणार नाही हे मान्य करून दिलेला आहे. आणि तोच दिलासा आपण दोन महिन्यांत व्हिसा येईल या अर्थाने वापरतो, तेव्हा यिर्मयाचे वाक्य घेऊन हनन्याचा संदेश देत असतो. एखाद्याचा व्हिसा नाकारला गेला, निकाल वाईट लागला, तर देवाने आपले वचन मोडले असे त्या मुलाला वाटते. संडे स्कूलमधून मोठी झालेली आणि नेमकी अशाच वेळी चर्चपासून दूर गेलेली मुले मी पाहिली आहेत. देवाने त्यांना जे कधी म्हटलेच नव्हते, त्यावरून ती रुसली.

फिलिप्पैकरांस पत्रातले ४:१३ पेटीत असणारच होते आणि ते आहे: “मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे.” क्रिकेटच्या बॅटवर आणि जिमच्या टी-शर्टवर दिसणारे हे वचन प्रेषित पौलाने बंदिवासात लिहिले, आणि त्याच्या आधीच्याच वाक्यात तो तृप्त असणे आणि भुकेले असणे, संपन्न असणे आणि विपन्न असणे यांचे रहस्य शिकल्याचे सांगतो. सर्वकाही म्हणजे हे. पत्र लिहिताना पौलाने ओव्यांना आकडे घातले नव्हते. नव्या कराराला आजचे आकडे छापखानदार रोबेर एस्तियेन याने १५५१ साली दिले. शोधायला सोपे जावे म्हणून केलेली ती सोय कापायलाही सोपी पडली.

नीतिसूत्रे २२:६ चे कार्ड निळ्यात आहे, म्हणजे सांत्वनाच्या गठ्ठ्यात. मुलाला योग्य शिक्षण दिले तर म्हातारपणीही तो त्यापासून परावृत्त होणार नाही, असा त्याचा आशय. नीतिसूत्रे सुटी वाचता येतात, ती तशीच रचलेली आहेत, त्यामुळे येथे मागचापुढचा अध्याय फारसा लागत नाही. लागते ते एवढेच भान की नीतिसूत्र हे अनुभवाचे सार असते, करार नसतो. ज्यांचा मुलगा व्यसनात गेला आहे अशा आईवडिलांच्या हाती प्रार्थनेच्या वेळी हे कार्ड आले, तर ते सांत्वन न राहता ठपका होतो.

देव एका ओळीतूनही बोलतो, त्याला अध्यायाची गरज नाही, असे आमच्या मंडळीतले काही जण कळकळीने सांगतात. त्यांचा अनुभव मी खोटा म्हणणार नाही. रोज एक वचन घेण्याची परंपरा जुनी आणि आदरणीय आहे. जर्मनीतल्या हेर्नहुट येथील मोरेव्हियन मंडळी १७३१ पासून दरवर्षी रोजच्या वचनांचे पुस्तक छापत आली आहे. त्यात जुन्या करारातले वचन चिठ्ठी टाकून निघते, पण त्याच्या जोडीला नव्या करारातले वचन माणसे विचारपूर्वक निवडतात. म्हणजे चिठ्ठीची परंपरा ज्यांनी रुजवली, त्यांनीही वचन एकटे सोडले नाही. शिवाय, वचन शब्दशः अचूक म्हणूनही चुकीचे वापरता येते, याचा दाखला शुभवर्तमानातच आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर उभे करून स्तोत्र ९१ मधली देवदूतांविषयीची ओळ म्हणून दाखवतो आणि ‘तुझ्या सर्व मार्गांत तुझे रक्षण करण्यासाठी’ हा भाग वगळतो. येशू त्याला उत्तर देतो तेही शास्त्रातूनच, जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ६:१६ मधून: परमेश्वराची परीक्षा पाहू नको. एका वचनाचा अर्थ दुसऱ्या वचनाजवळ ठेवून पाहायचा असतो, हे त्याने तिथे दाखवले. या पेटीत स्तोत्र ९१:११ चे कार्ड आहे. वचन पूर्ण छापले आहे, ही समाधानाची बाब. पण अपघातातून वाचलेल्यांना ते जेवढे द्यावेसे वाटते, तेवढेच हेल्मेट न घालता गाडी हाणणाऱ्या तरुणाला ते देताना मत्तय ४ ची आठवण ठेवायला हवी.

पेटीतली काही कार्डे मात्र अध्याय उघडल्यावर आणखी मोलाची वाटतात. विलापगीत ३:२२-२३ चे कार्ड, परमेश्वराची करुणा रोज सकाळी नवी होते असे सांगणारे, उद्ध्वस्त झालेल्या यरुशलेमेवर रडणाऱ्या पुस्तकाच्या मधोमध आहे. उपासमारीची आणि जमिनीत खचलेल्या वेशींची वर्णने वाचून त्या ओळीपर्यंत पोहोचलेल्या माणसाला ती निळ्या कार्डावरच्यापेक्षा कितीतरी जास्त देते.

उपाय अवघड नाही आणि खर्चिकही नाही. पाठीवरची फुले काढून तिथे तीन गोष्टी छापाव्यात: कोण बोलतो, कोणाला बोलतो, आणि मागेपुढे काय चालले आहे. यिर्मयाच्या कार्डामागे ‘यिर्मयाने बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेले पत्र, परत यायला सत्तर वर्षे लागतील असे सांगितल्यावर, १ ते १४ वचने वाचा’ एवढे पुरे. संदर्भ काळ्या शाईत आणि वचनाच्याच आकारात हवा. बिल्ददचे कार्ड पुढच्या आवृत्तीतून काढावे. भाषांतराचे नाव झाकणावर द्यावे. हे सर्व मी निर्मात्यांना पत्राने कळवले आहे.

तोपर्यंत ही पेटी घ्यावी का? ज्या घरी पवित्र शास्त्र रोज उघडले जाते, त्यांनी जरूर घ्यावी. कार्ड काढून त्याचा अध्याय वाचायला सुरुवात करण्यासाठी ती छान आहे, आणि वर्गात आम्ही ती तशीच वापरतो. कार्ड निघाले की मुले आधी बोलणाऱ्याचे नाव शोधतात, मग वचन पाठ करतात. आजारी किंवा दुःखात असलेल्या माणसाला भेट म्हणून ती द्यायची असेल, तर कार्डे स्वतः चाळून, प्रत्येकाचा अध्याय पाहून, निवडक तेवढीच द्यावीत. आणि जिथे शास्त्र उघडण्याऐवजी फक्त कार्डेच काढली जाणार आहेत, अशा घरासाठी, आजच्या स्वरूपात, मी ही पेटी घेऊन जाणार नाही.