पितळी पंप स्टोव्ह होडीवर हंगामभर वापरला: बर्नर बदलायच्या आधी वॉशर बघा

हा रॉकेलचा स्टोव्ह घेणार असाल तर घरी आणल्या आणल्या पंपाचा दांडा बाहेर काढा आणि टोकाचा वॉशर बघा. चामड्याचा असेल तर निर्धास्त वापरा. काळा रबरी असेल तर पेटवायच्या आधीच बदला. माझा सगळा राग आणि सगळं कौतुक या रुपयाएवढ्या वॉशरवरच आहे.

आमची होडी वर्सोव्याची, दोन सिलिंडरच्या इंजिनाची, डोलीची, म्हणजे पिशवीसारखं जाळं लावणारी. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली तेव्हा जुन्या लोखंडी स्टोव्हच्या टाकीची खाऱ्या हवेनं चाळण झाली होती. म्हणून पितळी घेतला, लोखंडीच्या दुपटीहून जास्त पैसे मोजून. गॅस का घेत नाही, असं किनाऱ्यावर सगळे विचारतात. गॅस हवेपेक्षा जड. गळला तर तळात जाऊन साचतो, आणि तिथेच इंजिन. रॉकेल सांडलं तर फडक्यानं पुसता येतं. त्याची वाफ पेट घ्यायला साधारण 35 अंशांच्या वर तापमान लागतं. एप्रिल-मेच्या उन्हात टाकी तेवढी सहज तापते, म्हणून स्टोव्ह सावलीत ठेवायचा आणि चालू असताना रॉकेल भरायचं नाही, एवढं पाळलं की झालं.

सुरुवातीला स्टोव्ह फार आवडला. आवाज करणारा बर्नर आहे, वाऱ्यात विझत नाही. काकडा लावून बर्नर नीट तापवला की चार दाबांत निळी ज्योत. चहा, भात, वर बोंबलाचं कालवण, सगळं वेळेत. गणपतीच्या आधी लिहायला बसलो असतो तर पैकीच्या पैकी गुण दिले असते.

मग पंप जड झाला. दांडा दाबायला दोन्ही हात लागायचे. काही दिवसांनी उलटंच झालं, दांडा लोण्यात सुरी जावी तसा खाली जायला लागला. हवा भरेना. ज्योत निळी होते न होते तोच खाली बसायची, मग पिवळी, मग काजळी. आमचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, वयानं मोठा, पहाटे चारला उठलेला माणूस. डोल ओढून आल्यावर तो विचारतो, "नाखवा, आज पन चाय नाय?" तेव्हा फार वाईट वाटतं.

दुकानात गेलो. तिथे स्टोव्ह हातात न घेता सांगितलं, बर्नर गेला. नवा बर्नर घेतला, फरक शून्य. पुन्हा गेलो तर म्हणे निपल बदला, म्हणजे बर्नरमधलं बारीक भोकाचं तोंड. बदललं, तेच. तिसऱ्या खेपेला आवाज चढले. "काका, समुद्रावर वापरता ना? मग वॉरंटी नाही." मी म्हटलं, बिलावर तसं कुठे लिहिलंय ते दाखवा. लिहिलेलं नव्हतंच. पण पैसे परत मिळाले नाहीत आणि दोन सुटे भाग उगाच गळ्यात पडले. हे दुकान मी सोडलं आहे.

दांडा खोलून बघितला तेव्हा दिसलं. रबर रॉकेलनं फुगून नळीत अडकलं होतं आणि कडेनं फाटलं होतं. साधं रबर रॉकेलमध्ये फुगतंच, हे गॅरेजवाल्या कोणालाही विचारा. हा स्टोव्ह मुळात 1892 सालचा, स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्टनं काढलेला. टाकी, पंप, बर्नर, निपल, सगळी मांडणी आजही तीच. पंपाला वाटीच्या आकाराचा चामडी वॉशर तेव्हापासून चालत आला आहे, कारण दाब आला की त्याची कड फुलते आणि नळीला घट्ट बसते. तिथे चार पैसे वाचवायला रबर घालणं मला अजिबात पटत नाही.

चपला शिवणाऱ्या मामांकडून चामड्याचा तुकडा आणला. गोल कापला, मधे भोक पाडलं, रात्रभर पाण्यात भिजवला, वाटीसारखा दाबून सावलीत सुकवला. दांड्यावर चढवला, खोलगट बाजू टाकीकडे. खर्च एका वडापावाचा. पहिल्याच दाबाला हाताला जोर लागला.

तेलाचं मात्र नीट ऐका. सगळे खोबरेल सांगतात, मीही तेच लावलं आणि दिवाळीपर्यंत उत्तम चाललं. डिसेंबरात उत्तरेचा वारा सुटला आणि पहाटे पंप पुन्हा ढिला. खोबरेल 24 अंशांच्या खाली गोठतं, चामडं कडक होतं, कड फुलत नाही. त्याऐवजी एरंडेल लावा. ते थंडीत गोठत नाही आणि रॉकेलमध्ये सहज विरघळत नाही, त्यामुळे धुऊन जात नाही. तेव्हापासून पंपाला हात लावावा लागलेला नाही.

म्हणून स्टोव्ह बिघडला की आधी हाताला विचारा. हवा सोडायची चावी घट्ट करून पंप मारा. दांडा रिकामा जातोय म्हणजे वॉशर. दांडा आपोआप वर येतोय आणि नळीत रॉकेल शिरलंय म्हणजे पंपाच्या बुडाचा व्हॉल्व्ह. हवा भरते पण टिकत नाही, तर झाकणाला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील. हवा टिकते आणि तरीही ज्योत रडते, तेव्हाच निपलकडे जा. त्याचं भोक असतं सुमारे 0.3 मिलिमीटर. पिन सरळ मारा, तिरकी घुसवली की भोक वाढतं आणि पिवळी ज्योत कायमची होते.

ज्योत धकधक करत असेल तर रॉकेलात पाणी आहे. होडीवर कॅन अर्धा रिकामा राहिला की आत दव धरतं. रॉकेल थोडं काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा, पाणी जड असल्यामुळे तळाला थेंब दिसतात. रेशनचं निळं रॉकेल आता हाती लागत नाही, खुल्या बाजारातलं पांढरं महाग पडतं, तरी वरचं वरचं ओतून घ्या आणि तळाचं टाकून द्या.

अजून एक, आणि हे कळकळीनं सांगतोय. थंडीत पोरं केबिनचं दार लावून शेकायला स्टोव्ह पेटवतात. आमच्या होडीवर मी ते बंद केलं. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही, झोपेत माणूस जातो. आणि ओले कपडेही वाळत नाहीत, कारण एक लिटर रॉकेल जळलं की लिटरभराहून जास्त पाणी वाफ होऊन त्याच हवेत मिसळतं. शेकायचं तर दार आणि खिडकी दोन्ही उघडी, आणि झोपायच्या आधी हवा सोडून स्टोव्ह बंद.

बाकी तक्रारी किरकोळ. पितळेवर हिरवं चढतं, चिंच आणि मीठ लावून पुसलं की जातं. भांडं हलू नये म्हणून काही दिलेलं नाही, आम्ही पत्र्याच्या डब्यात वाळू भरून स्टोव्ह त्यात रोवला आणि कडेला तीन पट्ट्या ठोकून घेतल्या. झाकणाचा वॉशरही रबरीच आहे आणि तोही फुगायला लागलाय, त्याची सोय बघतोय.

टाकी आणि बर्नर यांना माझ्याकडून पूर्ण गुण, पंपाला शून्य. जूनच्या मासेमारी बंदीत होडी वर ओढली की टाकी रिकामी करून, आतून कोरडी करून ठेवणार. पुन्हा घ्यायची वेळ आली तर हाच घेईन, फक्त दुकानातच दांडा काढून दाखवा म्हणेन. दाखवणार नाही त्याच्याकडून घेणार नाही.