व्ही-क्रॉसला २६५/६५ आर १८ : मापाचे आणि बसवणाऱ्या दुकानाचे परीक्षण

इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस या पिकअप गाडीच्या वरच्या श्रेणीला कारखान्यातूनच २५५/६० आर १८ मापाचे टायर येतात (२५५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६० ही रुंदीच्या टक्क्यांत बाजूची उंची आणि १८ हा इंचांत रिमचा व्यास). महामार्गासाठी ते अगदी योग्य आहेत. परंतु पावसाळ्यात मावळातल्या कच्च्या वाटांवर किंवा कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर गाडी नेणाऱ्याला त्यांची बाजू ठेंगणी आणि नक्षी उथळ वाटू लागते. म्हणून पुण्यातल्या एका दुकानातून मी स्टेपनीसह पाचही टायर बदलून २६५/६५ आर १८ मापाचे ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही वाटांसाठीचे, टायर बसवून घेतले. दुकानाचे नाव येथे दिलेले नाही, कारण चांगले काम कसे ओळखावे हे कळले तर ते कोणत्याही दुकानात करून घेता येते.

मूळ टायरचा व्यास सुमारे ७६३ मिलिमीटर आणि नव्याचा सुमारे ८०२ मिलिमीटर भरतो, आणि या फरकाच्या निम्म्याने, म्हणजे जेमतेम १९ मिलिमीटरने, गाडी वर येते. हा आकडा किरकोळ वाटतो, पण मागच्या ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरचा) गोळा, जो खडकाळ वाटेवर सर्वांत आधी टेकतो, तो केवळ मोठ्या टायरनेच वर जातो. सस्पेन्शनच्या पाट्यांमध्ये ठोकळे घालून किंवा नवे पाटे टाकून बॉडी कितीही उचलली, तरी ॲक्सल होता तेथेच राहतो. बॉडी उचलणाऱ्या अशा लिफ्ट किटवर खर्च करण्याआधी एवढे लक्षात घेतलेले बरे.

मग थेट २८५/६५ का नाही, असे विचारले जाते. त्या टायरचा व्यास मूळ मापापेक्षा सुमारे ८.५ टक्क्यांनी वाढतो, सर्व गिअर तेवढ्याच प्रमाणात जड होतात, आणि १.९ लिटरच्या इंजिनाला ताम्हिणीच्या चढावर सामान भरलेली गाडी ओढताना खालचा गिअर सोडवत नाही. शिवाय ते टायर आत मावावेत म्हणून स्पेसर (चाक आणि हब यांच्यामधली जाड चकती) लावून चाके बाहेर काढली, की स्टीअरिंग वळवताना टायर अधिक मोठ्या वर्तुळात फिरतो आणि मडगार्डच्या मागच्या कडेला घासतो. दिखाऊ गाडीसाठी ते माप ठीक असेल. कामाच्या गाडीसाठी मी ते सुचवणार नाही.

दुकानाच्या कामातला सर्वांत चांगला भाग चाचणीचा होता. टायर रिमवर चढवण्यापूर्वी कारागिराने प्रत्येकाच्या बाजूवरचा चार अंकी कोड दाखवला. त्यातले पहिले दोन अंक उत्पादनाचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, आणि पाचही टायर एकाच वर्षातले निघाले. बसवून झाल्यावर त्याने सपाट जमिनीवर स्टीअरिंग फिरवून समाधान मानले नाही. एक पुढचे चाक उतरत्या ठोकळ्यावर चढवून, सस्पेन्शन पूर्ण दाबले गेल्यावर, स्टीअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून (फुल लॉक) त्याने गाडी आधी पुढे आणि मग मागे घेतली. मागे घेतानाच डाव्या बाजूच्या, मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या लायनरवर टायर खरडल्याचा आवाज आला. चकचकीत झालेला तेवढाच पट्टा त्याने खडूने आखला, गरम हवेच्या बंदुकीने मऊ करून आत दाबला आणि मडफ्लॅपचा स्क्रू मागच्या भोकात घेतला. कापाकापी न करता काम झाले, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

उणिवाही आहेत. अलाइनमेंटचा छापील कागद मागितल्याशिवाय मिळाला नाही. नायट्रोजन भरण्याचा आग्रह तर अकारणच होता; साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतोच. हवेच्या दाबाविषयी मात्र, जेथे सांगणे खरोखर गरजेचे होते तेथे, कोणी अवाक्षर काढले नाही. टायर एलटी (हलक्या ट्रकसाठीच्या, जाड बांधणीच्या) प्रकारचा असेल तर तेवढेच ओझे पेलण्यासाठी त्याला साध्या टायरपेक्षा जास्त दाब लागतो, त्यामुळे दारावरच्या पट्टीवरचा कंपनीने दिलेला दाबाचा आकडा तसाच वापरून चालत नाही; टायर कंपनीचा भाराचा तक्ता पाहूनच दाब ठरवावा लागतो.

रस्त्यावरचा बदल लगेच जाणवतो. खड्डे मऊ झाले, पण टायर जड असल्यामुळे ब्रेक थोडा लवकर दाबावा लागतो आणि गुळगुळीत काँक्रीटवर बारीक गुणगुण येते. ओडोमीटर आता सुमारे पाच टक्के कमी अंतर मोजतो, म्हणून मायलेज घटल्याची तक्रार करण्याआधी नोंदलेल्या अंतराला १.०५ ने गुणावे. तसे केल्यावरही थोडी घट उरते, ती मान्य करावी. जांभ्यावर पकड उत्तम आहे. ओल्या काळ्या मातीत मात्र नक्षी भरून जाते आणि टायर गुळगुळीत होतो. त्या मातीला ऑल-टेरेन पुरत नाही, आणि खरे सांगायचे तर खास चिखलासाठीचा मड-टेरेनही क्वचितच पुरतो.

कायद्याची बाजूही तपासून घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांवर बंधन घातले आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तीच भूमिका ठामपणे मांडली. माप बदलण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांनाही लेखी विचारावे.

स्टेपनीवर पैसे वाचवण्याचा सल्ला दुकानातल्या एका विक्रेत्याने दिला होता. तो मानू नये. व्ही-क्रॉसच्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये फरक पचवणारा मधला डिफरन्शियल नाही, त्यामुळे एक चाक लहान असताना कोरड्या, घट्ट जमिनीवर फोर-हाय (चारही चाकांना ताकद देणारी, नेहमीच्या वेगाची स्थिती) लावले तर सगळा ताण ट्रान्सफर केस (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणारी पेटी) आणि शाफ्टवर येतो. पाचवा मोठा टायर घ्यावा, आणि तो गाडीखालच्या साखळीवर पूर्ण वर ओढून नीट बसतो की नाही, हे दुकानातच पाहावे. चाकांचे नट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर टॉर्क पान्ह्याने पुन्हा तपासावेत. या दुकानाने ते काम विनामूल्य करून दिले.