पाच किलोची कोकोपीट वीट: घ्यावी, पण माती समजून नव्हे

नव्याने कुंड्या लावणारा माणूस रोपांच्या आधी बहुतेकदा कोकोपीटची वीट विकत घेतो. वस्तू चांगली आहे. तिच्याबद्दलच्या बहुतेक तक्रारी मात्र ती न धुता वापरल्यामुळे किंवा तिलाच माती समजल्यामुळे उभ्या राहतात.

नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरलेला भुसा वाळवून दाबला की ही वीट तयार होते. पाच किलोच्या विटेला साधारण 20 ते 25 लिटर पाणी लागतं आणि फुगून 60 ते 70 लिटर भुसा मिळतो. त्यामुळे बादलीत भिजवायला जाऊ नका, मोठा टब घ्या. पाणी तीन-चार हप्त्यांत घाला. कोमट असेल तर काम लवकर होतं. वरचा थर सुटला की हाताने मोकळा करायचा. सुकी वीट हातोडीने फोडण्यात नुसती धूळ उडते.

खरी मेख मिठाची आहे. सोडण खाऱ्या पाण्यात कुजवलेलं असेल तर भुशात सोडियम आणि क्लोराइड उतरतं. पोटॅशियम तर मुळातच भरपूर असतं. वेष्टनावर ‘वॉश्ड’ (धुतलेलं) किंवा ‘लो ईसी’ (ईसी म्हणजे विद्युतवाहकता, क्षार किती आहेत याचं माप) लिहिलेलं असलं तरी एकदा धुवाच. भिजलेला भुसा गोणपाटात भरून वरून पाणी सोडायचं आणि निथळू द्यायचं, असं दोन-तीनदा. पहिलं पाणी गडद चहासारखं निघतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ईसी मीटर असेल तर शेवटच्या पिळलेल्या पाण्याचं माप 1 mS/cm च्या खाली यायला हवं. हे टाळलं की कोवळ्या पानांच्या कडा करपतात आणि आपण उन्हाला दोष देत बसतो.

धुऊनही एक खोड राहते. कोकोपीट कॅल्शियम स्वतःकडे धरून ठेवतं. टोमॅटोच्या फळाचा तळ काळा पडण्यामागे अनियमित पाण्याइतकंच हेही कारण असू शकतं. फळभाजी लावणार असाल तर 12 इंची कुंडीमागे एक मोठा चमचा जिप्सम मिश्रणात घाला.

मिश्रण चार भाग माती, तीन भाग गांडूळखत आणि तीन भाग कोकोपीट असं धरा. 12 इंची कुंडीत सुमारे 15 लिटर मिश्रण मावतं, म्हणजे एका विटेत तेरा-चौदा कुंड्या निघतात. दोन-तीनच कुंड्या असतील तर 650 ग्रॅमच्या छोट्या विटा बऱ्या. नुसत्या कोकोपीटमध्ये बी छान उगवतं, कारण ते भुसभुशीत असतं आणि ओल धरतं. पण त्यात अन्न जवळपास नाहीच. खरी पानं (बीजदलांनंतर येणारी) फुटल्यावर खत मिळालं नाही की रोप पिवळं पडून थबकतं. अशा वेळी पाणी वाढवणं हा सगळ्यात वाईट उपाय. दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत पुरतं.

पाण्याच्या बाबतीत ही वस्तू चक्क फसवते. वरचा थर फिकट, कोरडा दिसतो आणि दोन इंच खाली चिखल असतो. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून बघा, किंवा कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्या. सतत ओल राहिली की मातीवर बारीक काळी चिलटं उडायला लागतात. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. वरचा इंचभर थर सुकू देणं आणि पिवळे चिकट सापळे लावणं, एवढ्यावर भागतं. निवडुंग किंवा जाड पानांच्या रोपांसाठी कोकोपीट जवळपास नकोच. तिथे जाड वाळू हवी.

खरेदी करताना विटेचा कोपरा खरवडून ग्लासभर पाण्यात टाका. तळाशी वाळू बसली तर वजन वाढवलंय असं समजा. लांब धाग्यांचा भरणा असेल तर ओल नीट धरली जात नाही.

हंगाम संपल्यावर मिश्रण फेकू नका. मुळं चाळून काढा, एकदा धुवा, तिसरा हिस्सा नवं खत मिसळा. दोन-तीन हंगाम ते सहज चालतं. मर रोगाने गेलेल्या रोपाच्या कुंडीतलं मात्र परत वापरू नये.