तीन पिकअप, १४,१५० रुपये आणि मीटरवरचे ७.९२

ऑनलाइन गिटारची जुनी पिकअप घेताना फसलो. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांचं कंपन पकडणारी, चुंबकावरची कॉइल. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी खोदून विचारायला नको. टोकन २,०००, उरलेले ११,५००, 'कुरिअरचा इन्शुरन्स' ६५०. एकूण १४,१५०. शिवाय पिकअप बसवायला मिरजेत दिलेले ८०० वेगळेच. पैसे गेले याचा राग आहेच. पण मी कुपवाड एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, दिवसभर मल्टिमीटर हातात असतो, आणि मला गंडवलं ते मल्टिमीटरच्याच फोटोनं. बायकोला अजून ६,००० च माहीत आहेत.

गिटार एचएसएच आहे. दोन टोकांना हंबकर, म्हणजे दोन कॉइलचं पिकअप, मधे एकाच कॉइलचं सिंगल कॉइल, पाच घरांचा स्विच आणि टोनच्या नॉबला पुश-पुल, म्हणजे ओढला की हंबकरची एकच कॉइल वाजवणारा स्विच. दुसऱ्या आणि चौथ्या घरात स्विच हंबकरची एकच कॉइल मधल्याला जोडतो. तो पातळ, किणकिणता आवाज मला गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात निम्म्या गाण्यांना लागतो. अशा गिटारला वाट्टेल ते हंबकर चालत नाही. आत दोन कॉइल, प्रत्येकीची दोन टोकं, म्हणजे चार रंगीत तारा बाहेर यायला हव्यात आणि पाचवी उघडी, शिल्डची. जुन्या पद्धतीच्या पिकअपमधून एक तार आणि भोवती जाळी एवढंच येतं; दोन्ही कॉइलचा जोड आतच टेपखाली गाडलेला असतो. मग स्विच कितीही हुशार असला तरी वेगळं काय करणार?

हे सगळं मला माहीत होतं. खरेदीच्या आधीपासून.

ब्रिजचं, म्हणजे तारा अडकवतात त्या टोकाचं, जुनं पिकअप मेलं होतं, म्हटलं बदलायचंच तर तिन्ही बदलू. नवीन घ्यायची ऐपत नव्हती. दुकानात जाऊन बघावं तर मिरजेत सतार-तंबोरा घ्यायला लांबलांबून लोक येतात, पण हंबकर विचारलं की दुकानदार आपल्याकडंच बघत बसतो. म्हणून गिटारवाल्यांच्या एका ग्रुपवर शोधत होतो. तिथं सेट दिसला. ब्रिजला सेमोर डंकन कंपनीचं जेबी मॉडेल, नेकला, म्हणजे मानेकडच्या टोकाला, त्यांचंच फिफ्टी-नाइन, मधे सिंगल कॉइल. 'भाऊ कॅनडाला चाललाय, गिटार विकली, पिकअप राहिलीत.' पुढचं तुम्हाला पाठ असेल. अजून दोघं मागतायत, आपल्या सांगलीचा माणूस म्हणून थांबलोय दादा, टोकन टाका म्हणजे पोस्ट काढतो. 'टोकन' शब्द ऐकला की फोन ठेवायचा, हे मी आता सांगतोय.

त्यानं व्हिडिओही पाठवला. पिकअप अँप्लिफायरला जोडलेलं आणि वर स्क्रू-ड्रायव्हर टकटक आपटतोय. आवाज येणारच की! शंभर रुपयांच्या पिकअपवरही येतो. त्यानं माल चालू असल्याचं कळतं, कुणाचा आहे ते नाही.

आणि मग तो फोटो. रात्रीचे पावणेबारा. जेबीचा मीटरवरचा फोटो मीच मागितला होता, हे लक्षात घ्या, मी आंधळेपणानं पैसे टाकले नाहीत. निळ्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ, त्यावर पिकअप, मीटर २० के वर, म्हणजे वीस हजार ओहमच्या रेंजवर, आकडा ७.९२, म्हणजे जेमतेम आठ हजार. जेबी सोळा हजार ओहमच्या आसपास दाखवतं. मला खटकलं. खरंच खटकलं. 'हे निम्मंच का?' एवढं टाइपही केलं. आणि मग माझ्या शहाणपणानंच मला खाल्लं. म्हटलं, चार तारांतल्या एकाच कॉइलच्या दोन टोकांवर यानं मीटर लावलं असेल, मग आठच येणार. बरोबरच आहे. टाइप केलेलं पुसलं आणि ११,५०० पाठवले.

फोटो मोठा करून मीटरचे प्रोब कुठं टेकवलेत ते बघितलं असतं तर? लाल प्रोब तारेवर आणि काळा थेट शिल्डच्या जाळीवर. चार तारांच्या पिकअपमध्ये शिल्ड कॉइलला जोडलेलीच नसते, हिरवी तार तिला आपण बाहेर जोडतो. तिथं आकडा यायलाच नको होता. रोज मोटारींची वाइंडिंग तपासणारा माणूस मी. बाकीच्या तारा मागं दुमडल्या असतील, असं मीच त्याच्या वतीनं मला सांगितलं.

पार्सल आलं आणि मी विळीनं उघडलं. व्हिडिओ न काढता. तुम्ही तेवढं करू नका. ओळखीच्या मिस्त्रींनी टेप सोडवली आणि म्हणाले, "हे काय ओ, एकच तार?" तिन्ही मोजली, तिन्ही आठच्या आत-बाहेर. तरी मी हट्टानं बसवून घेतली, आठशे दिले. दुसऱ्या घरात कॉइल वेगळी होत नाही, अख्खं हंबकर वाजतं, पुश-पुल ओढला काय नि दाबला काय. आतला जोड उकलू का म्हणाले, पण ती तार केसासारखी, तुटली की संपलं.

आता सरकारी यात्रा. बँकेत गेलो तर म्हणे, "पिन तुम्हीच टाकलाय ना?" सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावला, तक्रार नंबर मिळाला, पण मला नववा दिवस होता. पैसे त्या खात्यातून कधीच पुढं गेले होते. लावायचा तर त्याच तासाला लावा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर ग्राहक म्हणून गेलो, तर विकणारा व्यापारी नाही, खासगी माणूस आहे, इथं होणार नाही.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी अर्जावर नजर टाकली आणि विचारलं, "तीन पिकअप? गाडी नंबर सांगा." म्हटलं, गाडी नाही साहेब, गिटारचं असतं. "मग पिकअप कशाला लिहिलंय?" खोडून 'गिटारचे पार्ट' लिहिलं. त्यावर, "पार्ट मिळाले की नाही?" मिळाले. "वाजतात?" वाजतात. "मग फसवणूक कुठली?" चार तारा आणि एक तार समजावून सांगायला लागलो, तर मागच्या बाकावरचा भांडणाच्या तक्रारीला आलेला माणूस हसला. फसवणुकीच्या चारशेवीस कलमाचं नव्या कायद्यात आता ३१८ झालंय हे मला त्या दिवशी कळलं, बाकी काही नाही. चॅटच्या प्रिंट आणा. आणल्या. रंगीत आणा. आणल्या. सायबरकडं जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, आरोपीचा जिल्हा वेगळा आहे, कळवू. तीन अर्ध्या रजा गेल्या. पिकअप पुरावा म्हणून ठेवून घ्या म्हटलं, तर तेही घेतले नाहीत.

परवा एका दुसऱ्या ग्रुपवर तोच सेट दिसला. तोच निळ्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ, तेच ७.९२, किंमत १६,०००. भाऊ यावेळी जर्मनीला चाललाय. मी खाली लिहिलं, 'काळा प्रोब कुठं लावलाय ते बघा.' पाच मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं.