वकिलांना पैसे, की शनिवार-रविवार सह्या?

राज्य विधिमंडळाने मतदान अवघड करणारा कायदा केला, तर अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाने आपला वेळ आणि पैसा कुठे लावावा? उत्तर आधी तुमच्या पत्त्यावर ठरतं. मेन, ओहायो, मिशिगनमध्ये सह्या जमवून विषय थेट मतदारांपुढे नेता येतो. टेक्सास, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायनात ती सोयच नाही.

जिथे सोय आहे, तिथे माझं मत सह्यांना. मेनच्या विधिमंडळाने २०११ मध्ये मतदानाच्या दिवशीच नाव नोंदवण्याची जुनी सवलत काढली. त्याच नोव्हेंबरात मतदारांनी सुमारे ६० टक्के मतांनी ती परत आणली. ओहायोत तर पुरेशा सह्या भरल्यावर मतदान अवघड करणारा असाच कायदा अडकला आणि २०१२ मध्ये विधिमंडळाने तो स्वतःच मागे घेतला. मात्र जिंकून घरी जाऊन झोपायची सोय नाही. फ्लोरिडात २०१८ मध्ये शिक्षा भोगून सुटलेल्यांना मताधिकार देणारी दुरुस्ती मंजूर झाली, आणि पुढच्याच वर्षी विधिमंडळाने आधी दंड आणि कोर्टाचं शुल्क भरण्याची अट घातली.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे ते निम्मंच खरं. २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर काही राज्यांवरचं, मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घेण्याचं बंधन गेलं, त्यामुळे आता आधी कायदा लागू होतो, मग खटला. नॉर्थ कॅरोलायनाचा २०१३ चा कायदा कृष्णवर्णीय मतदारांना हेरून केल्याचं सांगत अपील कोर्टाने रद्द केला, पण २०१६ मध्ये. मधली २०१४ ची निवडणूक होऊन गेली होती. कॅन्ससमध्ये नागरिकत्वाचा पुरावा मागणाऱ्या कायद्यात ३० हजारांहून अधिक लोकांची नोंदणी अडली. तो पडायला २०१८ उजाडलं.

उलट उदाहरणही आहे, आणि ते आपल्या जवळचं. २०१९ च्या जानेवारीत टेक्सासने लायसन्सच्या नोंदींवरून ‘नागरिक नसावेत’ अशा सुमारे ९५ हजार मतदारांची यादी काढली. ग्रीन कार्डावर असताना लायसन्स काढलेले आणि नंतर नागरिक झालेले हजारो जण त्यात होते. खटले पडले आणि एप्रिलमध्ये राज्याने माघार घेतली.

आमदारांवर भिस्त ठेवायची? २०२१ मध्ये मतदानाचे नियम कडक करणारा कायदा रोखण्यासाठी टेक्सासचे डेमोक्रॅट आमदार गणसंख्या मोडायला विमानाने वॉशिंग्टनला गेले. जुलैत गेले, सप्टेंबरात कायद्यावर सही झाली.

म्हणून टेक्सास-जॉर्जियात पैसे खटल्याला द्या, वेळ मतदान केंद्राला. २०१४ मध्ये ऑस्टिनजवळ एका बंगाली आईला मतदान करताना मुलाची मदत नाकारली गेली, कारण त्याचं नाव मतदार म्हणून शेजारच्या काउंटीत (जिल्ह्यात) होतं. २०१७ मध्ये अपील कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. तोवर ती हयात नव्हती. इंग्रजी वाचता न येणारा मतदार आपला मदतनीस स्वतः निवडू शकतो, फक्त तो त्याचा मालक किंवा युनियनचा प्रतिनिधी नसावा. आईला घेऊन जाणार असाल तर हे पाठ असू द्या. केंद्रावर काम करणाऱ्यालाही ते ठाऊक असेलच असं नाही, म्हणून तिथे आपलं माणूस हवं.

एच-वन-बी व्हिसावर काम करणाऱ्यांनी, म्हणजे अजून नागरिक नसलेल्यांनी, मात्र जपून. सही नोंदणीकृत मतदाराचीच चालते, उमेदवाराला देणगी देता येत नाही, आणि लायसन्सच्या काउंटरवर कुणी सहज पुढे केलेला मतदार नोंदणीचा फॉर्म चुकूनही भरू नका. पुढे नागरिकत्वच अडकू शकतं.